आयव्हीएफ फसल्यावर सेंटर बदलायचं का? खान्देशातल्या जोडप्यांसाठी टप्प्याटप्प्यानं

आयव्हीएफमध्ये स्त्रीबीज, म्हणजे एग, लॅबमध्ये फलित करून तयार झालेला भ्रूण गर्भाशयात सोडतात, त्याला ट्रान्सफर म्हणतात. त्यानंतर बीटा एचसीजीचा, म्हणजे गर्भ राहिला का हे सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट निगेटिव्ह आला की संध्याकाळपर्यंत घरातल्या प्रत्येकाकडे दुसऱ्या डॉक्टरचा नंबर असतो. कुणाची मावसबहीण नाशिकला जाऊन आली, कुणाच्या साडूला सुरतेत गुण आला, कुणाला मुंबईशिवाय काही खरंच वाटत नाही. ‘दुसरा डॉक्टर पाही ल्या आते,’ असं सासूबाई म्हणतात, आणि त्यात त्यांची मायाच असते. पण या सगळ्या सल्ल्यांत तुमच्या फाईलमध्ये काय लिहिलंय हे कुणालाच माहीत नसतं. बऱ्याचदा तुम्हालाही नसतं.

मी स्वतः या उपचारांतून गेले आहे. जळगाव-धुळ्याकडच्या जोडप्यांसोबत बसून त्यांच्या फायलीही वाचते. मी डॉक्टर नाही, तेव्हा औषधांचा निर्णय माझ्या लेखावरून घेऊ नका. मात्र एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते: सेंटर बदलायचं की नाही हे निकालावरून ठरवू नका, फाईल वाचून ठरवा. उपचार कुठल्या पायरीवर अडला आणि पुढच्या वेळी आताचे डॉक्टर काय वेगळं करणार, ही दोन उत्तरं हातात आल्याशिवाय गावही बदलू नका आणि दुसरी सायकलही, म्हणजे इंजेक्शनांपासून ट्रान्सफरपर्यंतची उपचाराची फेरीही, सुरू करू नका.

पहिले दोन आठवडे

या दिवसांत कुठेही आगाऊ पैसे भरू नका. हार्मोन्स बंद झालेले असतात, पाळी येते, रडू येतं, नवरा-बायको एकमेकांशी नीट बोलत नाहीत. त्यात एखाद्या सेंटरचा फोन येतो की आज बुकिंग केलं तर पॅकेजवर सूट आहे. ती सूट जाऊ द्या. वय अडतीसच्या पुढे असेल किंवा एएमएच (अंडाशयातला एगचा साठा सांगणारी रक्ततपासणी) फारच कमी असेल तर महिनोन्महिने थांबणं परवडत नाही हे खरं, पण दोन आठवड्यांनी कुणाचं नुकसान होत नाही.

नातेवाइकांना एकच उत्तर ठरवून ठेवा आणि ते नवऱ्यानं द्यावं. ‘कागद गोळा करतोय, मग ठरवू’ एवढं पुरतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेलेल्या लेकीला दहा जणींनी तेच विचारणं फार थकवणारं असतं. आईला आधी विश्वासात घेतलं तर ती बाकीच्यांना आवरते.

फाईल पूर्ण मिळवा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

चोपड्याकडच्या एका ताईंनी मला त्यांची फाईल दाखवली तेव्हा ती मेडिकलच्या प्लॅस्टिक पिशवीत होती. आत इंजेक्शनांची बिलं होती, सोनोग्राफीचे काळपट पडलेले फोटो होते, कार्डावर पुढच्या तारखा होत्या. दोन सायकली झाल्या होत्या, पण एग किती निघाली, किती फलित झाली, भ्रूण कुठल्या दर्जाचे होते, याचा एकही कागद नव्हता. खर्चाचा हिशेब पूर्ण होता आणि उपचाराचा काहीच नव्हता. अशी फाईल घेऊन पुण्याला गेलं तरी तिथले डॉक्टर पहिल्यापासूनच सुरुवात करणार.

मागायचे कागद असे: प्रत्येक सायकलमधल्या औषधांची नावं, डोस आणि दिवस, फॉलिक्युलर स्टडीचा, म्हणजे एगची वाढ मोजणाऱ्या सोनोग्राफीचा, तक्ता, ट्रिगर (एग पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन) कुठला आणि किती वाजता दिला, एग पिकअपची, म्हणजे एग बाहेर काढल्याची, नोंद, एम्ब्रियॉलॉजीचा रिपोर्ट, म्हणजे किती एग, त्यातली पक्व किती, इक्सी (एका एगमध्ये एक शुक्राणू सुईनं सोडणं) केलं की साधं आयव्हीएफ, किती फलित, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी किती आणि कुठल्या ग्रेडचे भ्रूण, ट्रान्सफरच्या दिवशी गर्भाशयाच्या अस्तराची जाडी आणि ट्रान्सफर सोपं गेलं की अवघड, किती भ्रूण गोठवले आहेत, आणि सगळे रक्ताचे, वीर्याचे, दुर्बिणीचे रिपोर्ट. यातला एम्ब्रियॉलॉजी रिपोर्ट सगळ्यांत मोलाचा, आणि नेमका तोच द्यायला टाळाटाळ होते.

हे कागद मागणं हा तुमचा हक्क आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णानं मागितल्यावर वैद्यकीय नोंदी ७२ तासांत द्यायच्या असतात. २०२१ च्या एआरटी कायद्यातही, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांच्या कायद्यातही, सेंटरनं जोडप्याला कुठली प्रक्रिया केली त्याचा तपशील असलेलं डिस्चार्ज सर्टिफिकेट द्यावं असं म्हटलं आहे. काउंटरवर कायद्याची भाषा पहिल्या वाक्यात वापरू नका. साधा अर्ज द्या: ‘मा. डॉक्टर साहेब, आमच्या उपचारांच्या सर्व नोंदी, एम्ब्रियॉलॉजी रिपोर्टसह, आमच्या माहितीसाठी हव्या आहेत. कृपया प्रती द्याव्यात.’ खाली दोघांच्या सह्या, तारीख, फाईल नंबर. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. झेरॉक्सचे पैसे मागितले तर देऊन टाका. बहुतेक ठिकाणी एवढ्यावर काम होतं. झालंच नाही तर मग ७२ तासांचा नियम लिहून दुसरा अर्ज द्या आणि सेंटरच्या तक्रार निवारण कक्षाचं नाव विचारा. असा कक्ष ठेवणं सेंटरवर कायद्यानं बंधनकारक आहे.

फाईल वाचायची कशी

उपचार म्हणजे गळतीचा हिशेब आहे. निघालेली सगळी एग पक्व नसतात, पक्व सगळी फलित होत नाहीत, फलित झालेली सगळी पाचव्या दिवसापर्यंत टिकत नाहीत. समजा १२ एग निघाली. त्यातली ९ पक्व, इक्सीनंतर ६ किंवा ७ फलित, आणि त्यातली ३ ब्लास्टोसिस्टपर्यंत, म्हणजे पाचव्या दिवसाच्या भ्रूणापर्यंत, पोहोचली, तर ही सायकल नीट झाली असं समजा, निकाल काहीही आलेला असो. आता तीच १२ एग, ९ पक्व, पण फलित फक्त २. इथे थांबून विचारायला हवं. दोष शुक्राणूंचा, एगचा की लॅबच्या हाताचा?

ताडून पाहायला आकडे आहेत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘व्हिएन्ना कन्सेन्सस’मध्ये आंतरराष्ट्रीय भ्रूणतज्ज्ञांनी लॅबसाठी मोजमापं ठरवून दिली. इक्सी केलेल्या पक्व एगपैकी किमान ६५ टक्के नीट फलित व्हावीत, चांगल्या लॅबमध्ये ८० टक्के. फलित झालेल्यांपैकी किमान ४० टक्के ब्लास्टोसिस्ट व्हावेत, चांगल्या लॅबमध्ये ६० टक्के. गोठवलेले ब्लास्टोसिस्ट वितळवल्यावर किमान ९० टक्के जगावेत. हे आकडे चाळिशीच्या आतल्या बायकांच्या स्वतःच्या एगसाठी आहेत आणि अनेक केसेसच्या सरासरीचे आहेत. तुमच्या एका सायकलीत चार एगमधून एकच फलित झालं म्हणून लॅब वाईट ठरत नाही. पण दोन-तीन सायकलींत तेच दिसलं, आणि शुक्राणूंचा रिपोर्ट बरा असूनही डॉक्टरांकडे कारण नसेल, तर लॅबबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

एग मुळातच कमी निघाली असतील तर गोष्ट वेगळी. वय आणि एएमएच यांना कुठलंच सेंटर बदलू शकत नाही. डोस, औषधांचा प्रकार, प्रोटोकॉल (औषधं देण्याचा क्रम) बदलून थोडा फरक पडू शकतो, तो प्रश्न डॉक्टरांना विचारा. एग भरपूर, पण पक्व कमी, असं असेल तर ट्रिगरची वेळ तपासा. ट्रिगरनंतर साधारण ३४ ते ३६ तासांनी पिकअप होतं. रात्रीचं इंजेक्शन दोन तास उशिरा दिलं गेलं असेल तर ते आधी स्वतःशी कबूल करा आणि डॉक्टरांनाही सांगा.

भ्रूण चांगले, अस्तर सात मिलिमीटरच्या वर, ट्रान्सफर सुरळीत, तरी निगेटिव्ह? अशा वेळी एका ट्रान्सफरवरून काहीच निष्कर्ष निघत नाही. ब्रिटनमध्ये सरकारी नियामक सगळ्या सेंटरांचे आकडे गोळा करतो. तिथे पस्तिशीच्या आतल्या बायकांमध्येही एका भ्रूणामागे बाळ जन्मण्याचं प्रमाण साधारण तीनात एक आहे. म्हणजे सगळं नीट होऊनही पहिल्यांदा अपयश येणं हीच जास्त शक्यता असते. हे कुणी आधी सांगितलेलं नसतं, म्हणून ते फसवणुकीसारखं वाटतं.

आणि बीटा पॉझिटिव्ह येऊन नंतर गर्भ गेला असेल तर तो वेगळा प्रश्न आहे. त्याच्या तपासण्या वेगळ्या: दोघांचं कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, रक्ताच्या गुठळ्यांशी संबंधित अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज (पॉझिटिव्ह आल्या तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा), थायरॉइड, साखर. दोन वेळा असं झालं आणि यातलं काहीच झालेलं नसेल तर विचारा, का नाही झालं.

सेंटर बदलूनही जे बदलणार नाही

काही कारणं आपल्यासोबत नव्या सेंटरपर्यंत येतात. ती आधी शोधा.

इंजेक्शनं थंड न राहणं हे त्यातलं खान्देशातलं मोठं कारण, आणि त्यावर कुणी बोलत नाही. बरीच हार्मोनची इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवायची असतात, काही २५ अंशांखाली चालतात. खोक्यावर लिहिलेलं असतं. जळगाव-भुसावळचा मे महिना ४४-४५ अंशांवर जातो. इंजेक्शनं जळगावात घ्यायची, एसटीनं पारोळ्याला किंवा यावलला न्यायची, मग गावात चार तास लाइट नाही. अशानं औषधाचा जोर कमी होऊ शकतो, आणि कागदावर मात्र ‘प्रतिसाद कमी’ एवढंच येतं. बर्फाचे पॅक घातलेला छोटा आइस बॉक्स घ्या, इंजेक्शन बर्फाला थेट चिकटू देऊ नका, कारण गोठलेलं औषधही वाया जातं. फ्रिजरमध्ये किंवा दारातल्या कप्प्यात ठेवू नका. शक्य असेल तर सायकल हिवाळ्यात घ्या.

दुसरं, नवऱ्याचा रिपोर्ट. एक वीर्यतपासणी, तीही वर्षभरापूर्वीची, आणि त्यावर दोन सायकली, हे मी वारंवार पाहते. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. तंबाखू, गुटखा, दारू आज सोडली तर फरक तीन महिन्यांनी दिसेल. तेव्हा सेंटर शोधण्याचे हे तीन महिने नवऱ्यासाठीही उपचाराचेच आहेत. व्हेरिकोसील (अंडकोषातल्या फुगलेल्या शिरा) किंवा शुक्राणू अगदीच नसणं, असं काही असेल तर पुरुषांचे डॉक्टर, म्हणजे अँड्रॉलॉजिस्ट किंवा युरॉलॉजिस्ट, यांना एकदा दाखवा.

तिसरं, गर्भाशय आणि नळ्या. नळीत पाणी भरलेलं असेल, ज्याला हायड्रोसालपिंक्स म्हणतात, तर ते पाणी गर्भाशयात उतरून भ्रूण रुजू देत नाही, आणि आधी नळी काढून किंवा बंद करून मग ट्रान्सफर केलं तर यश वाढतं. हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. पोकळीतल्या गाठी, म्हणजे पॉलिप किंवा फायब्रॉइड, हेही पाहून घ्यावं. आपल्याकडे जननमार्गाचा टीबीही सापडतो. मात्र फक्त पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह आला म्हणून सहा महिन्यांची टीबीची औषधं सुरू करायची का, यावर डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत. तिथे दुसरं मत जरूर घ्या.

नंदुरबारकडच्या आणि सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा कुटुंबांसाठी आणखी एक: सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. ही रक्ततपासणी आधी करून घ्या, कारण तिच्यावर भ्रूणाच्या जनुकीय चाचणीचा आणि म्हणून सेंटरचाही निर्णय अवलंबून राहतो.

आताच्या डॉक्टरांना एकदा भेटा

राग असला तरी ही भेट टाळू नका. वेगळी वेळ मागा, ओपीडीच्या गर्दीत उभ्या-उभ्या नको. नवरा-बायको दोघं जा, सोबत तिसरं कुणी नको. प्रश्न लिहून न्या: आमची सायकल कुठल्या पायरीवर अडली असं तुम्हाला वाटतं? पुढच्या वेळी काय वेगळं कराल आणि का? आमच्या वयाच्या किती बायकांना इथे स्वतःच्या एगमधून बाळ झालं? आम्ही तुमच्या जवळचे असतो तर तुम्ही पुढे जा म्हणाला असता का?

उत्तर कसं येतं ते ऐका. ‘मागच्या वेळी भ्रूण तिसऱ्या दिवसानंतर मंदावले, म्हणून शुक्राणूंची तपासणी पुन्हा करू आणि या वेळी सगळे गोठवून पुढच्या महिन्यात ट्रान्सफर करू,’ असं कुणी बोललं तर त्या डॉक्टरांनी तुमची फाईल वाचली आहे. ‘देवाच्या हातात असतं, पुन्हा एकदा करून पाहू,’ एवढंच आलं तर पुन्हा तेच होणार. आणि तुम्हालाच दोष दिला, ‘तुम्ही आराम केला नाही’ असं म्हटलं, तर तो आरोप घरी आणू नका. ट्रान्सफरनंतर पलंगावर पडून राहिल्यानं यश वाढत नाही हे अभ्यासांत दिसून आलं आहे. गर्भ पडला तो तुम्ही बसनं घरी आलात म्हणून नाही. हे वाक्य सासरच्या मंडळींनाही वाचून दाखवा.

दुसरं मत म्हणजे स्थलांतर नव्हे

फाईल दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला सेंटर सोडावं लागत नाही. फी भरून, फाईल आधी पाठवून, व्हिडिओ कॉलवर अर्धा तास मिळू शकतो. मुंबईत परळला राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्थेची वंध्यत्वाची ओपीडी आहे, मेडिकल कॉलेजच्या स्त्रीरोग विभागातही दाखवता येतं. जिथे डॉक्टरांवर तुम्हाला पुढची सायकल विकण्याचं दडपण नाही अशा ठिकाणचं मत मला जास्त भरवशाचं वाटतं. नव्या डॉक्टरनं फाईल न उघडताच ‘तिथे सगळं चुकलं’ म्हटलं तर तिथूनही उठा.

राहायचं की निघायचं

माझं मत उघड सांगते. एकच सायकल झाली, भ्रूण चांगले होते, काही गोठवलेले शिल्लक आहेत आणि डॉक्टर नीट बोलतात, तर राहा. शिल्लक भ्रूण वापरून बघा. नव्या ठिकाणी पुन्हा इंजेक्शनं, पुन्हा पिकअप, पुन्हा पूर्ण खर्च.

निघा, जर अर्ज देऊनही कागद मिळत नसतील. निघा, जर दोन वेळा त्याच औषधांनी, त्याच डोसनं तेच झालं आणि तिसऱ्यांदाही तेच करायचं म्हणत असतील. दर भेटीला वेगळा डॉक्टर आणि कुणालाच तुमची केस माहीत नाही, हेही निघायचं कारण. वय कमी, एएमएच ठीक असूनही पहिल्याच अपयशानंतर दात्याच्या एगसाठी घाई केली जात असेल तर सही करण्याआधी बाहेरचं मत घ्या. याउलट त्रेचाळीस-चव्वेचाळीस वयाला दोन-तीन चांगल्या डॉक्टरांनी स्वतंत्रपणे दात्याच्या एगबद्दल सांगितलं तर चौथं सेंटर शोधण्यात पैसा घालवू नका. तिथे प्रश्न सेंटरचा राहिलेला नसतो. दात्याचं एग, ‘कारा’ या सरकारी दत्तक संस्थेमार्फत दत्तक, किंवा इथेच थांबणं, हे दोघांनी बसून बोलायचं असतं, आणि त्यात कमीपणा कशातच नाही.

नवं सेंटर पाहताना

आधी नोंदणी. एआरटी कायद्याखालची नोंदणी पाच वर्षांची असते, प्रमाणपत्रावरची तारीख बघा. तुम्ही नंदुरबारहून सुरतेला जा की रावेरहून इंदूरला, कायदा देशभर हाच आहे.

मग विचारा की लॅब इथेच आहे का आणि एम्ब्रियॉलॉजिस्ट रोज असतात का. आपल्या जिल्ह्याच्या गावांत काही ठिकाणी सोनोग्राफी आणि इंजेक्शनं इथे होतात, पिकअप मोठ्या शहरात, आणि मोठे डॉक्टर महिन्यातून ठरावीक दिवशी येतात. ही पद्धत वाईटच असं नाही, खर्च आणि प्रवास वाचतो. पण तुमची एग डॉक्टरांच्या तारखेनुसार काढली जाणार की एगच्या वाढीनुसार, हा प्रश्न विचारायलाच हवा.

‘ऐंशी टक्के सक्सेस’ असा बोर्ड असेल तर विचारा: बीटा पॉझिटिव्ह धरलंय की जिवंत बाळ? स्वतःची एग की दात्याची? कुठल्या वयाला? हमीच्या पॅकेजमध्ये किती सायकली आणि पैसे परत कधी, हे लेखी घ्या. औषधं बहुधा पॅकेजच्या बाहेर असतात, आणि खर्चाचा मोठा भाग तोच.

जोडीला विकल्या जाणाऱ्या गोष्टींबद्दल सावध राहा: अस्तर खरवडणं, पीआरपी (स्वतःच्या रक्तातल्या प्लेटलेट्सचा द्रव), इंट्रालिपिडची, म्हणजे चरबीयुक्त द्रवाची, सलाइन, अस्तराची जनुकीय चाचणी. खरवडण्यावर पाच देशांत १३६४ बायकांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. खरवडलेल्या आणि न खरवडलेल्या, दोन्ही गटांत बाळ जन्मण्याचं प्रमाण सारखंच निघालं, २६.१ टक्के. तेव्हा प्रत्येक जादा गोष्टीला विचारा, ‘माझ्या फाईलमधल्या कुठल्या अडचणीसाठी हे?’

पैशांचं: कापसाचे पैसे दिवाळीनंतर हातात येतात, केळीवाल्यांचं गणित वेगळं. त्यानुसार सायकल आखा, सावकाराकडून उचलू नका. दहा-बारा दिवसांच्या इंजेक्शनांत दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी लागते. ती जळगाव-धुळ्याला करून रिपोर्ट पाठवला तर चालेल का, हे नाशिक-मुंबईच्या सेंटरला आधीच विचारा. चालत असेल तर लॉजचा बराच खर्च वाचतो.

गोठवलेले भ्रूण जुन्या ठिकाणी असतील तर

सेंटर बदललं म्हणून ते तिथेच सोडून देऊ नका, आणि नष्ट करण्याच्या फॉर्मवर घाईनं सहीही करू नका. आधी ते तिथेच वापरून घ्यायचे का, हे ठरवा. साठवणुकीची फी कधीपर्यंत भरली आहे ते पाहा, पावती जपा. कायद्यानं साठवणुकीची मर्यादा दहा वर्षांची आहे. हलवायचेच असतील तर स्वतःच्या वापरासाठी भ्रूण नेण्यासंबंधी कायद्यात राष्ट्रीय मंडळाच्या परवानगीची अट आहे. त्याची कागदपत्रं दोन्ही सेंटरांकडून लेखी मागवा, वाहतूक द्रव नायट्रोजनच्या टाकीतून कोण करणार आणि वाटेत काही झालं तर जबाबदारी कुणाची, हेही लिहून घ्या. नवं सेंटर बाहेरचे भ्रूण स्वीकारतं का, हे त्यांना पहिल्याच फोनवर विचारा. काही सेंटर घेत नाहीत, आणि ते पैसे भरल्यावर कळून उपयोग नसतो.